होडीची मोटार आणि दोन बोटे उंची

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मिसरोद लागते. रेल्वेचे लहानसे स्थानक, वाढत्या शहराने जवळ ओढून घेतलेली वस्ती, आणि पुढे मंडीदीपच्या वाटेवर कलियासोत नदीचा पूल. अशा ठिकाणी होडीच्या मोटारीचा विषय काढला तर ऐकणाऱ्याला हसू येईल. परंतु भोपाळहून नर्मदेच्या पुराकडे निघालेली मदत याच रस्त्याने जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नर्मदेचे पाणी तेव्हाच्या होशंगाबाद शहरात शिरले, आणि अडकलेल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. अशा वेळी मालमोटारीवर चढवलेल्या होडीत माणसे, दोर, तराफे सारे मोजून घेतात. मागच्या फळीवर मोटार किती उंच बसली आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

भोपाळच्या मोठ्या तलावात सहलीच्या मोटारहोड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये मनाई केली, आणि पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तेव्हा येथे मोटारीचा विचार करावयाचा तो हौसेसाठी नव्हे, पुरासाठी.

होडीच्या बाहेर, मागच्या आडव्या फळीवर अडकवण्याची ही मोटार, जिला आउटबोर्ड म्हणतात, ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ च्या सुमारास विक्रीस आणली. वर इंजिन, खाली लांब पाय, आणि पायाच्या टोकाशी पाण्यात फिरणारा पंखा, अशी तिची रचना. तिच्यात एक गोष्ट विलक्षण आहे. साध्या होडीला सुकाणू वेगळे असते. येथे पंखाच सुकाणू असतो. दांडा फिरवला की पंख्याचे तोंड वळते, आणि तो ज्या दिशेने पाणी ढकलतो त्यावरून होडी वळते. याचा अर्थ असा की, पंख्याची पाण्यावरील पकड सुटली तर होडीचा केवळ वेग जात नाही, तिचे वळणेही जाते. प्रवाहात, पुलाच्या खांबासमोर, असा एक क्षणही फार मोठा असतो.

ही पकड उंचीवर अवलंबून असते. मोटार फार वर बसली, तर पंखा पृष्ठभागाजवळ येऊन वरची हवा खाली ओढतो. पाण्याऐवजी फेस कापला जातो, इंजिन एकाएकी किंचाळू लागते आणि होडी जागच्या जागी रेंगाळते. वळताना होडी एका अंगावर कलते, म्हणून हा प्रकार बहुधा वळणावरच घडतो. शिवाय इंजिन थंड ठेवणारे पाणी पायातील छिद्रांतून आत येते. तीही उघडी पडली तर थोड्याच वेळात इंजिन तापून बसते.

मग मोटार खोल बुडवावी, असे कोणास वाटेल. पुष्कळ जण तसेच करतात, आणि ही चूकही लहान नाही. खोल गेलेला पाय पाण्याला अडथळा करतो, होडीची नाळ खाली दाबली जाते, दांडा हाताला जड लागतो आणि इंधन अधिक जळते. पुराच्या पाण्यात तर खाली कुंपणाची तार, बुडालेले झुडूप, वाहून आलेले कापड काय असेल ते सांगता येत नाही. पंखा जितका खोल, तितका तो अडकण्याचा धोका अधिक.

योग्य जागा कशी ओळखावी? पंख्याच्या वर पायाला एक आडवी पत्री असते. हिला कारागीर कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, आणि ते नाव चुकीचे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे दाब घटून पाण्यातच बाष्पाचे बुडबुडे होणे. या पत्रीचे काम वरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देणे एवढेच. होडी सपाट जागी ठेवून, मोटार सरळ उभी करून, तळाला एक सरळ पट्टी लावावी व ती मागे पत्रीपर्यंत न्यावी. पत्री तळाच्या रेषेत किंवा तिच्या अगदी जवळपास असली की आरंभ ठीक झाला. मोटारींचे पाय साधारणपणे १५, २० आणि २५ इंच उंचीच्या फळ्यांसाठी केलेले असतात. आखूड पायाची मोटार उंच फळीवर घातली, तर पुढची सारी खटपट व्यर्थ आहे. मोठ्या मोटारींच्या बैठकीला एकावर एक छिद्रे असतात. एका वेळी एकच छिद्र बदलावे. लहान मोटार केवळ पकडीने बसत असल्यास फळीवर घट्ट लाकूड बसवून ती उचलता येते. मात्र पकड पुन्हा आवळून मोटारीला साखळीने होडीशी बांधलेच पाहिजे.

परंतु जमिनीवरचे हे माप अर्धेच आहे. बचावाची होडी जाताना रिकामी असते आणि येताना भरलेली. भेदरलेली माणसे मागे दाटली की मागची बाजू बसते व पंखा खोल जातो. तीच माणसे किनारा दिसताच पुढे सरकली की मागची बाजू उचलते आणि पंखा हवा ओढू लागतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे आणणारी होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. तिच्यात झेपेल त्याहून अधिक माणसे होती. मोटारीच्या उंचीला त्या अपघाताचा दोष देता येणार नाही, आणि अतिभार झालेल्या होडीला कोणतीही उंची वाचवू शकत नाही. भाराची मर्यादा आधी, उंची नंतर.

म्हणून मोटारीची परीक्षा भरल्या होडीतच घ्यावी. माणसांच्या जागी वाळूची पोती, आधी मध्ये, मग मागे, मग पुढे. प्रत्येक वेळी सरळ चाल आणि दोन्ही बाजूंना वळण. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार चालू आहे की नाही, याकडे एकाने सतत लक्ष ठेवावे. जूनच्या आरंभी, धरणाच्या शांत पाण्यात, दोन माणसांना हे काम एका सकाळी उरकता येते. परतल्यावर बैठकीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. पहिल्या फेरीनंतर ते थोडे सैल झालेले असतात.