चटणीचे दिवस आणि हातांची आग



चैत्र-वैशाखात आमच्या कोल्हापूरकडे घरोघरी वर्षाच्या चटणीची लगबग असते. झणझणीतपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. मिरच्या कडक उन्हात वाळवायच्या, देठं मोडायची आणि डंकावर कुटून आणायच्या. चार-पाच किलोंची देठं मोडून उठलं की रात्रभर बोटं भगभगतात. लहानपणी मी कळशीत हात बुडवून बसायचे. पाण्यात असेतोवर बरं वाटायचं; बाहेर काढला की आग पुन्हा तशीच.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यात असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी हातांना गोडंतेल चोळा, फडक्यानं पुसून घ्या आणि मग भांडी घासायच्या साबणानं नखांच्या कडांसकट धुवा. हे दोन-तीनदा करावं लागतं. पाणी गारच घ्या. ऊन पाण्यानं आग वाढते, कारण कातडीतल्या ज्या संवेदकाला चटका कळतो, त्यालाच मिरचीही चेतवते. हात भाजलेला नसतो, पण मेंदूला वर्दी भाजल्याचीच जाते. हा संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकातल्या नोबेलचे एक मानकरी आहेत.

तोंड पोळलं तर दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन तिखटाला धरून जिभेवरून काढून नेतं.

डोळ्यांचं मात्र वेगळं. तिथं तेल, तूप, दूध काहीही घालू नका, आणि कितीही झोंबलं तरी चोळू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची हलकी धार पंधरा मिनिटं सोडा. तिखटाचा हात नको. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा. लेन्स असेल तर काढा. तरीही दुखत राहिलं किंवा अंधुक दिसलं, तर डॉक्टरांकडे जा.

खरं तर हे सगळं रबरी हातमोज्यांनी टळतं. हिरवी मिरची चिरतानाही ते घाला, कारण सर्वांत जास्त तिखट बियांत नसतं, त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात असतं. ‘एवढ्याशा कामाला मोजे कशाला?’ असं आपल्याकडे म्हणतात. पण ती रात्र ज्यांनी काढली आहे, त्या बायकांना विचारा. यंदा देठं मोडायला कुणाला बोलावणार असाल, तर मजुरीबरोबर हातमोज्यांचा एक जोडही तिला द्या. काम सुरू व्हायच्या आधी द्या.