सुटलेलें पोट आणि आमचा गैरसमज

(गांवच्या चावडीवर शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मी दुसऱ्याच्या दोषांवर बोलणार नाहीं. माझ्याच पोटावर बोलणार आहें. माझे हातपाय काटकीसारखे आहेत, हें आपण रोज पाहतां. पण खुर्चीवर बसून बसून पोट तेवढें पुढें आलें. आपण म्हणालां, "गुरुजींस नोकरी मानवली!" मलाही तें गोड वाटलें. गेल्या वर्षीं उपकेंद्रांत रक्त तपासलें, तेव्हां साखर वाढलेली निघाली. ज्यास आपण सुख म्हणत होतों, तें दुखणें होतें.

ही समजूत आली कोठून? आपल्या वाडवडिलांनीं दुष्काळ पाहिले. कष्टकऱ्याचें पोट पाठीस लागलेलें, आणि सुटलेलें पोट दिसे तें सावकाराचें. म्हणून पोट म्हणजे भरलेली कणगी, असें मनानें धरलें. आजही कोणी जाड झाला कीं "तब्येत सुधारली" म्हणतों, आणि कोणी नेमानें चालून चार किलो उतरला, कीं "आजारी होतां काय?" असें विचारून त्याचा धीर खचवितों. कांहीं न करतां वजन घटलें, तर मात्र डॉक्टरांस अवश्य दाखवावें.

दुसरी समजूत अशी, कीं धोका लठ्ठालाच. किडकिडीत माणूस निर्धास्त. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत स्वतःचें आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचें उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण अंगांतील चरबी इंग्रजाची शेंकडा ९, तर याज्ञिकांची शेंकडा २१! आपल्या लोकांची चरबी अशी लपून बसते. पोटांत, यकृतांत सांठते, आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांस वाट करून देते.

कोणी म्हणेल, "मी शेतकरी, मला काय होणार?" दादा, नांगर आतां ट्रॅक्टर ओढतो, जात्याची जागा गिरणीनें घेतली, मळ्यांत आपण फटफटीनें जातों. शिंपी, सोनार तर दिवसभर बसूनच. कष्ट घटले, चहांतली साखर, तेल आणि बिस्किटें मात्र वाढलीं.

घरांतील बाईचें तर कोणी पाहतच नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत २४ जणी प्रमाणाबाहेर जाड, तर जवळजवळ १९ जणी अति कृश आढळल्या. "बाळंतपणानें असेंच होतें" म्हणून जाडीला हंसूं नका, आणि वजन उतरावें म्हणून कोणास उपाशीही ठेवूं नका. ताटांत डाळ, उसळ, भाजी वाढवा, साखर-तेल आवरा, रोज अर्धा तास झपझप चाला.

आतां उपाय डोळ्यांनीं नव्हे, फितीनें. शेवटची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या मधोमध फीत लावा. लेंग्याची नाडी आपण पोटाखालीं बांधतों, तें माप खरें नव्हे. पुरुषाचें माप ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीचें ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढें गेलें कीं सावध व्हावें. तिशी उलटलेल्यांनीं उपकेंद्रांत साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. तेथें पैसे पडत नाहींत.

सभा संपल्यावर शिंपीदादा फीत घेऊन येथेंच बसणार आहेत. भगिनींचीं मापें त्यांच्या घरच्या वहिनी घेतील. पहिलें माप माझें.