मांडवीच्या पात्रातली बेटे
(मंडळाच्या जून महिन्यातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेटांची सहल म्हटली की आपल्याला अंदमान नाहीतर लक्षद्वीप आठवते. आम्ही बावीस सभासद मात्र मे महिन्यात आपल्याच गोव्यातली बेटे पाहून आलो. मांडवीच्या मुखाकडच्या पाण्यात दिवाडी, चोडण, वांशी, जुवें, कुंभारजुवे ही बेटे आहेत. खुद्द तिसवाडीही मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांनी वेढलेली. म्हणून पोर्तुगीज तिला 'इल्हास', म्हणजे 'बेटे', असेच म्हणत.

जुने गोवेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने आम्ही दिवाडीवर उतरलो. कदंब राजांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथलेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मंदिर पाडले आणि देव नदीपलीकडे डिचोली महालात गेला. तिथे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार करविला. दिवाडीचा गणपती आज खांडोळ्याला आहे. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला गेला. आपण ज्यांच्या जत्रांना जातो ते देव मुळात या बेटांचे, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना तिथे उभे राहिल्यावर कळले.

आता बेटांच्या पोटापाण्याविषयी. इथली मुख्य शेती खाजनाची. ही जमीन भरतीच्या पातळीहून सखल असते आणि मातीचा बांध तिला खाऱ्या पाण्यापासून राखतो. बांधात 'मानस' असते. भरतीचे पाणी ढकलू लागले की तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाने मीठ धुऊन गेले की खार सोसणारे कोरगुट भात पिकते. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. जुव्याची भाजी, विशेषतः तिथली भेंडी, तर आपल्या बाजारातही नाव घेऊन विकली जाते. हा सारा कारभार पूर्वी गांवकरीकडे होता. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालमध्ये इथल्या गांवकऱ्यांचे रिवाज लिहून काढले, म्हणजे व्यवस्था त्याहून जुनी.

आज काय आहे? तरुण परदेशी किंवा जहाजावर, कुळे विखुरलेली आणि बांधाकडे पाहणारे हात थोडे. बांध फुटून तसाच राहिला की शेतात खारे पाणी शिरते, मग खारफुटी वाढते. खारफुटी वाईट नव्हे. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य तिच्यावरच उभे आहे. पण एकदा ती वाढली की तिथे पुन्हा भात लावणे फार अवघड.

दिवाडीवर एके ठिकाणी चार-पाच माणसे पावसापूर्वी बांध लिंपत होती. त्यांतल्या एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "कुठले तुम्ही?" आम्ही अभिमानाने सांगितले, "मुरगावचे." तो म्हणाला, "म्हणजे बार्जवाले. तुमच्या बार्जेसच्या लाटा वर्षानुवर्षे ह्याच बांधावर आपटल्या."

आम्ही गप्प झालो. बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांची घरे बार्जवर उभी राहिली. डिचोलीचे खनिज मांडवीतून याच बेटांना वळसा घालून आपल्या बंदरात येई. पावसाळ्यात आग्वादचे तोंड बंद झाले की कुंभारजुवे कालव्यातून येई. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आपण आपल्या नुकसानीचे हिशोब मांडले. ते खोटे नव्हते. पण वाटेवरच्या या बांधाचा हिशोब आपण कधी केलाच नव्हता.

आमच्यात बार्जवरून निवृत्त झालेले एक सारंग होते. तीस वर्षे या बेटांवरून गेले, पाय मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ठेवला. ते काही बोलले नाहीत. धोतर खोचले, मातीचे घमेले उचलले आणि कामाला लागले. मग आम्हीही लागलो. तासाभरात फार काम झाले असे नाही. पण निघताना त्या वृद्धाने स्वतःच्या घरचे शहाळे आणून दिले आणि म्हटले, "बांद उरलो जाल्यार शेत उरतलें."

परतताना माशेल-कुंभारजुव्यावरून आलो. तिथे चतुर्थीच्या सातव्या दिवशी होड्या जोडून सांगोड करतात आणि त्यावरून गणपती विसर्जनाला निघतात. यंदा आपण ते पाहायला जाऊच. पण त्याआधी दोन गोष्टी सभेपुढे ठेवतो. पहिली, यंदाच्या नैवेद्याचा तांदूळ बेटावरच्या शेतकऱ्यांकडून घ्यावा. दुसरी, पुढच्या मे महिन्यात सहलीऐवजी एक दिवस बांधावर श्रमदान करावे. खर्च फारसा नाही, फेरीबोट आहेच.

सारंगांनी आपले नाव आधीच दिले आहे. बाकीच्यांनी आज द्यावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!