पुणे–कोल्हापूर : एका दिवसात जाऊन-येऊन

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. जाऊन-येऊन ४६०. सकाळी निघायचे आणि रात्री झोपायला घरी परत यायचे, असा बेत पुण्यातल्या घरांतून वर्षभर ठरत असतो. कुणाला अंबाबाईचे दर्शन घ्यायचे असते, कुणाकडे साखरपुडा असतो, कुणाचे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तासाभराचे काम असते. सातारा असते तर फारशी आखणी करावीच लागली नसती. एकशेदहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, उन्हे कलायच्या आत माणूस घरी येतो. बेळगाव असते तर मुक्काम गृहीतच धरला असता. कोल्हापूर या दोहोंच्या मधे, अगदी काठावर बसले आहे. एका दिवसात होते, पण कसेही निघून होत नाही.

या बेतात पहिली चूक होते ती हिशेब किलोमीटरमध्ये मांडण्याची. चारपदरी-सहापदरी रस्ता आहे, चार तासांत पोचू, असे म्हटले जाते. रस्ता मोकळा असेल तर स्वारगेटपासून कोल्हापूरच्या तोंडाशी असलेल्या तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत साडेचार तास धरावेत. त्यात चहा-नाश्त्याचा अर्धा तास घातला की पाच झाले. परतीचेही तेवढेच. म्हणजे दिवसातले दहा तास रस्त्याला गेले, आणि उरलेल्या वेळात ज्या कामासाठी निघालो ते काम.

म्हणून आखणी शेवटाकडून करावी. घरी किती वाजता पोचायचे ते आधी ठरवावे. रात्री आठ ठरले तर कोल्हापूर दुपारी तीनला सोडले पाहिजे. तिथे पाच तास हवे असतील तर सकाळी दहाला पोचले पाहिजे, आणि पुणे पहाटे पाचला सोडले पाहिजे. पहाटे पाच शक्य नसेल, सातच वाजणार असतील, तर कापायचे ते कोल्हापुरातले दोन तास. परतीची वेळ पुढे ढकलू नये. बहुतेक घरांत नेमके उलट होते. निघायला उशीर होतो, तिथे जेवणाचा आग्रह होतो, आणि दिवसभराचे सगळे उशीर गोळा होऊन रात्रीच्या प्रवासावर येऊन पडतात.

पाच ते आठ हा पंधरा तासांचा दिवस आहे. त्यातले नऊ-दहा तास एकच माणूस स्टिअरिंगवर असणार असेल, तर बेताचा खरा विचार त्या माणसापासून सुरू व्हायला हवा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पगारी चालकांसाठी घालून दिलेले माप आजही घरगुती प्रवासाला लावून पाहण्यासारखे आहे. दिवसाला ८ तास काम, सलग ५ तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा दिवस १२ तासांच्या आत. कोल्हापूरची एका दिवसाची फेरी या मापात बसत नाही. गाडी भाड्याची असेल तर हे ठेवणीतल्या आवाजात सांगण्यासारखे नाही, ठणकावून सांगण्यासारखे आहे. मंडळी देवळात आणि जेवणावळीत असताना चालक उन्हात गाडीपाशी उभा असतो. त्याला कुठे बसता येईल, तो कुठे जेवेल, दुपारी तासभर पाठ टेकायला जागा मिळेल का, याची सोय आदल्या दिवशी व्हावी. घरची गाडी असेल तर चालवू शकणारी दोन माणसे हवीत, आणि अदलाबदल दमल्यावर करण्यापेक्षा आधी ठरलेल्या जागी करावी. जाताना साताऱ्याला, येताना कराडला. दुसरे माणूस नसेल तर रात्रीचा मुक्काम करावा किंवा एसटी-रेल्वेने जावे.

दिवस निवडताना पंचांगाइतकेच रस्त्याचे वेळापत्रक पाहावे लागते. शनिवारी सकाळी महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली वाहने सुरूर फाट्यापर्यंत याच रस्त्यावर असतात, आणि रविवारी संध्याकाळी तीच सारी गर्दी सुरूरला पुन्हा पुण्याच्या दिशेने सामील होते. कोल्हापूरहून तीनला निघालेली गाडी सहाच्या सुमारास तिथे पोचते, म्हणजे ऐन खोळंब्यात. जोडून सुट्ट्या आल्या तर हे दुप्पट होते. दर्शनालाच जायचे असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र सोडलेले बरे. किरणोत्सवाची गोष्ट मात्र वेगळी. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, आणि आभाळ स्वच्छ असेल तर देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. तो क्षणच सूर्यास्ताचा असल्याने त्या दिवशी परतणे मध्यरात्रीवर जाते. किरणोत्सव पाहायचा तर कोल्हापुरात राहावे.

पावसाळ्यात एकच आकडा आदल्या दिवशी विचारून घ्यावा, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. इथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि रस्ता काही दिवस बंद राहिला. कोल्हापूर समोर दिसत असताना ट्रकांच्या रांगा तिथेच अडकून पडल्या होत्या. पातळी ३९ कडे चढत असेल आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल, तर सकाळी जाता येईल हे खरे, पण संध्याकाळी परतता येईल याचा भरवसा नाही.

गळीत हंगामाचे अडथळे याहून वेगळे असतात. साधारण नोव्हेंबरपासून कराड, इस्लामपूर, वारणा या पट्ट्यात उसाची वाहतूक सुरू होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींवर ऊस बाहेर येईल इतका भरलेला. मागचा दिवा असला तरी वाढे त्यावर लोंबत असतात, त्यामुळे अंधारात ट्रॉली जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती जवळजवळ उभीच असल्यासारखी वाटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद लक्ष चुकले की चव्वेचाळीस मीटर गेले. काही कारखाने ट्रॉलीच्या मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या लावून घेतात. तेवढ्या एका पट्टीने माणसे वाचतात. हा पट्टा दिवसाउजेडी पार करता यावा, हेही तीनला निघण्याचे कारण आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर.

आदल्या रात्रीची कामे थोडी आहेत. टायरमधली हवा गाडी थंड असताना पाहावी, स्टेपनीचीही पाहावी. ती नेहमी विसरली जाते. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे का ते घरीच तपासावे, कारण चालू फास्टॅग नसेल तर रोख भरताना दुप्पट पडते. एकाच नाक्यावरून २४ तासांत परतणाऱ्याला दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरी दराच्या दीडपटच पडावेत, असा नियम आहे. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दोन्ही गाडीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत, एकट्या चालकाच्या नव्हे.

पहाटे पाचला नवले पूल ओलांडला की पुणे मागे पडते. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर आल्यावर शिवगंगेचे खोरे, मग खेड शिवापूर, आणि सारोळ्याला नीरा ओलांडताच सातारा जिल्हा सुरू होतो. शिरवळ पन्नासेक किलोमीटरवर आहे. इथे थांबायचा मोह होतो, पण थांबू नये. खंडाळ्यानंतर लागणारा खंबाटकी घाट लवकर मागे टाकावा. या ठिकाणी जाण्या-येण्याच्या वाटा अनेक वर्षे वेगळ्या राहिल्या आहेत. साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढून जातात, आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून येतात. नव्या दुहेरी बोगद्याच्या कामामुळे ही विभागणी बदलती आहे, तेव्हा नकाशापेक्षा रस्त्यावरचे फलक पाहावेत. चढावर एखादा ट्रक बंद पडला तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. सकाळच्या हिशेबात तेवढी ढील ठेवलेली असावी.

घाटापलीकडे सुरूर, भुईंजजवळ कृष्णा, आणि मग डाव्या-उजव्या डोंगरांतून अजिंक्यतारा दिसू लागतो. पहिला थांबा साताऱ्याच्या आसपास. सात-सव्वासात झालेले असतात, दोन तास गाडी चाललेली असते. चालकाने खाली उतरून पाच मिनिटे पायी फिरावे. गाडीत बसून घेतलेला चहा हा थांबा नव्हे. साताऱ्यापुढे, शेंद्रे ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम हाती घेतल्यापासून ठिकठिकाणी रस्ता सेवारस्त्यावर वळवलेला असतो. वळण अचानक येते, पत्रे आणि पिंपे उभी असतात. दोन शहरांमधले अंतर तेवढेच राहून वेळ वाढतो तो इथे. उंब्रज, मग कराड, जिथे कोयना कृष्णेला मिळते. कासेगाव, पेठ नाका, वारणेचा पूल, किणी, आणि शिरोलीला पंचगंगा. हिवाळ्यात या नदीकाठांवर सकाळी धुके असते. त्या दिवसांत अर्धा तास जास्त धरावा.

दक्षिणेकडे जाताना सकाळचे ऊन गाडीच्या डाव्या अंगाला असते, आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततानाही डाव्याच अंगाला, कारण तेव्हा पश्चिम डावीकडे येते. म्हणजे चालकाच्या शेजारी बसणाऱ्याला दोन्ही वेळा ऊन लागते. आजी-आजोबांना मागे उजवीकडे बसवावे. एवढ्या साध्या गोष्टीने त्यांचा दिवस सुसह्य होतो.

कोल्हापुरातल्या पाच तासांत दोनच गोष्टी नीट होतात. देवळातली रांग किती लांब असेल हे सांगता येत नाही, म्हणून दर्शन आधी. त्यानंतर काम किंवा समारंभ. रंकाळा, न्यू पॅलेस, महाद्वार रोडवरची खरेदी आणि पन्हाळा हे सगळे त्याच दिवसात कोंबण्याचा प्रयत्न करू नये. पन्हाळ्याची वाट शहरापासून पुन्हा वीस किलोमीटर आहे. जेवण बाराच्या सुमारास व्हावे. तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण हे कोल्हापूरचे वैभव आहे, आणि पाहुणा चार वाट्या रस्सा पिऊन उठला नाही तर यजमानाला बरे वाटत नाही. पण दुपारी दोन ते चार या वेळात शरीर जेवणाशिवायही पेंगते. त्यात भरपेट जेवण पडले की पापण्या जड होतात. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी हात राखून जेवावे आणि निघण्यापूर्वी वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. यजमानांना हे आधी सांगितलेले असले की कुणाला वाईट वाटत नाही.

तीनला निघालेली गाडी पाचच्या आत कराडपाशी येते. चहा तिथे घ्यावा, चालक तिथेच बदलावा. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांसाठी शहरात शिरायचे असेल तर ते सकाळीच उरकलेले बरे. हिवाळ्यात अंधार पडू लागतो तो सुरूरच्या आसपास, आणि या प्रवासातल्या सर्वांत अवघड दोन जागा नेमक्या त्यापुढे आहेत. पहिली म्हणजे खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर येणारे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण. तिथे गंभीर अपघात झाले आहेत. बोगद्यात असतानाच वेग कमी झालेला हवा.

दुसरी जागा पुण्याच्या दारात आहे. नव्या कात्रज बोगद्यापासून दरी पूल ओलांडून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी अवजड गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि उताराच्या तळाशी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री असाच एक ट्रक या उतारावर अनावर झाला आणि ४८ वाहनांचे नुकसान झाले. ज्याने दिवसभरात साडेचारशे किलोमीटर गाडी चालवली आहे, त्याला बोगदा संपताच पुण्याचे दिवे दिसतात, घर आले असे वाटते आणि हात सैल पडतो. तेव्हाच मागे अवजड वाहन नाही ना हे आरशात पाहत, खालच्या गिअरमध्ये, डाव्या बाजूने उतरायचे असते.

वारजे, कोथरूड, बाणेरकडे जाणाऱ्यांना याच उतारावरून जावे लागते. स्वारगेट, बिबवेवाडी किंवा कोंढव्याला घर असणाऱ्यांना मात्र शिंदेवाडीपासून जुना कात्रज घाट घेता येतो. वळणे आहेत, दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, आणि मुसळधार पावसात दरडीची भीती असते, तेव्हा त्या रात्री तो टाळावा. पण महामार्गाची अवजड वाहतूक नव्या बोगद्याने जात असल्याने एरवी ही वाट मोकळी असते, आणि जुन्या बोगद्यातून घाट उतरून गाडी थेट कात्रजला निघते. यांपैकी कोणत्या वाटेने घरी यायचे हे शिंदेवाडीच्या फाट्यावर रात्री पावणेआठला ठरवू नये. पहाटे निघतानाच ठरलेले असावे.