परदेशी निघताना औषधांची चिठ्ठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशप्रवासातील आरोग्यावर चार शब्द बोलावे, असा मंडळाचा आग्रह. मी काही डॉक्टरीण नव्हे. पण माझ्या हातून एक चूक घडली, तीच आपणांपुढे ठेवते.

चाकणच्या कारखान्यांतून आपली मुले जर्मनीला जातात आणि मागोमाग आपणही त्यांचा संसार पाहायला निघतो. तशी मीही गेले. लाडवांचा डबा जिवापाड जपून हातात धरला, आणि यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत टाकल्या. त्याही वेष्टनातून काढून, पुरचुंडी बांधून! फ्रँकफुर्टला आम्ही उतरलो, बॅग काही उतरली नाही. दुसऱ्या दिवशी यांचे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "औषध कोणते घेतात?" मी म्हटले, "लहानशी पांढरी गोळी, सकाळी एक." त्या बिचाऱ्या काय समजणार? अखेर इथल्या शेजारणीने आमचे घर उघडून डॉक्टरांची चिठ्ठी शोधली, तिचा फोटो पाठवला, तेव्हा औषध मिळाले. तोवरचा वेळ मी कसा काढला, ते माझे मला ठाऊक.

भगिनींनो, आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन इथे तयार होऊ लागले. औषधाच्या गावच्या बायका आपण! औषधाला दोन नावे असतात, हे आपल्याला ठाऊक हवे. कंपनीने ठेवलेले नाव देश बदलला की बदलते. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव आणि प्रमाण इंग्रजीत लिहून घ्यावे. क्रोसिन हे दुकानातले नाव, पॅरासिटामॉल हे औषधाचे. अमेरिकेत मात्र त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, त्यांनी तेही ठळक लिहावे. परक्या मुलखात शुद्ध हरपली, तर सांगणार कोण?

गोळ्या मूळ वेष्टनातच, हातातल्या पिशवीत ठेवाव्या. दुबईला जाणारीने खसखस लावलेले अनारसे नेऊ नयेत. तिथे खसखशीला कायद्याने बंदी आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तेही परवान्यावाचून तिथे चालत नाही. विमानात तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. जर्मनीच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा विमा लागतोच. पण जुने दुखणे त्यात धरले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी विचारावे. युरोपात अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

आणि चिठ्ठीची एक प्रत शेजारणीकडे ठेवून जावे. माझी अब्रू शेजारणीनेच राखली; ती आज इथेच बसली आहे.