पुस्तक निवडणारा माणूस

हैदराबादच्या दिलसुखनगर भागात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना तेथील पुस्तकांची दुकाने ठाऊक असतीलच. शिकवणीच्या वर्गांची ही वस्ती. स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, व्याकरणाची पुस्तके येथे भाजीसारखी रचून ठेवलेली असतात. ही पुस्तके कोणी निवडली, असा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. कारण ती अभ्यासक्रमाने निवडलेली असतात. परंतु कथा, कविता, आत्मचरित्र ह्यांना अभ्यासक्रम नसतो. ती छापावीत की न छापावीत, हे कोणी तरी एक माणूस ठरवीत असतो. त्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

मोठ्या प्रकाशनसंस्थेत ह्या कामासाठी वेगळा संपादक नेमलेला असतो. लहान संस्थेत मात्र जो बाड वाचतो तोच कागदाचा हिशेब करतो, लेखकाला पत्र लिहितो आणि वेळप्रसंगी गठ्ठे बांधून टपालातही टाकतो. बाड हाती आले की तो मनाशी तीन प्रश्न विचारतो. हे कोण वाचील? हे आधीच कोणी अधिक चांगले सांगितले आहे काय? आणि ह्यात घातलेला पैसा परत येईपर्यंत संस्था तग धरील काय? सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर दोनशे पानांचे पुस्तक साडेबारा फर्म्यांचे होते. त्याच्या पाचशे प्रती काढल्या आणि त्या चार वर्षे पडून राहिल्या, तर पुढच्या चांगल्या पुस्तकाचा पैसा तेथेच अडकतो. म्हणून ‘साभार परत’ हे दोन शब्द त्याला पुष्कळदा लिहावे लागतात.

परंतु नकार देणे हे त्याचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे, पुस्तक दिसण्यापूर्वी ते ओळखणे. ह्याचे उदाहरण हैदराबादेतच आहे. १९८० साली सी. के. नारायण रेड्डी ह्यांनी हैदराबाद बुक ट्रस्ट ही छोटी प्रकाशनसंस्था सुरू केली. पुढे गीता रामस्वामी ह्यांनी तिची धुरा वाहिली. अलेक्स हेली ह्यांच्या ‘रूट्स’ ह्या अमेरिकन पुस्तकाचा ‘सहवासी’ ह्या नावाने लिहिणाऱ्या अनुवादकाने केलेला संक्षिप्त तेलुगू अनुवाद, ‘एडु तरालु’ म्हणजे ‘सात पिढ्या’, ह्या संस्थेने काढला. आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या घराण्याची ही कहाणी तेलुगू खेड्यातील वाचकाला आपली वाटेल, हे कोणाला तरी आधी दिसावे लागले. तसे ते दिसले, आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

आपल्या मराठीतही अशी दृष्टी असणारी माणसे होऊन गेली. पुण्याचे रा. ज. देशमुख ह्यांनी भालचंद्र नेमाडे ह्यांना लिहिण्यास प्रवृत्त केले, आणि १९६३ साली देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ प्रसिद्ध केली. लेखकाचे वय तेव्हा पंचवीस. ‘मौज’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पुन्हापुन्हा लिहावयास लावीत. वाचकांची चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ने १९७८ साली दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ वाचकांपुढे ठेवले. ज्यांचे जिणे पुस्तकात यावयाचे असते अशी कोणाची कल्पनाच नव्हती, त्यांना लिहिते करून पुस्तक देणे, ही निवडीची खरी कसोटी होय.

त्या कसोटीला मी स्वतः एकदा उतरलो नाही. मी व्यवसायाने शिक्षक. तथापि एका छोट्या प्रकाशनगृहासाठी काही वर्षे मराठी बाडे वाचून अभिप्राय देत असे. रविवारी मिस्सा आटोपून आलो की दुपारी एखादे बाड घेऊन बसावे, असा क्रम होता. दहा-बारा वर्षांपूर्वी दिलसुखनगरातील एका निवृत्त मराठी कारकुनांचे बाड आले. पाठपोट लिहिलेली तीनशे पाने. आरंभीची दीडशे पाने सुविचारांची आणि उपदेशाची. मी कंटाळलो, पुढची नुसती चाळली आणि अभिप्राय लिहिला : भाषा जुनी, मजकूर उपदेशपर, ग्राहक मिळणे कठीण. बाड साभार परत गेले.

दोन वर्षांनी त्यांचा मुलगा बाजारात भेटला. वडील वारले होते. तो म्हणाला, “सर, त्यांची शाळेची पाने तुम्ही वाचली होती ना?” मला काही आठवेना. मग त्यानेच सांगितले. निजामी राजवटीत आई घरी मराठीतून पाढे म्हणून घेई. शाळेत तेच पाढे उर्दूत म्हणावे लागत. चूक झाली की मास्तर मारीत, आणि घरी उर्दू आकडा तोंडून निघाला की आई रागावे. सप्टेंबर १९४८ मध्ये राजवट गेली आणि त्या मुलाला तिसऱ्या भाषेत पुन्हा आरंभ करावा लागला. अशी चाळीस पाने होती. मी घाईघाईने विचारले, “बाड आहे ना?” तो म्हणाला, “घर बदलताना रद्दीत गेले.”

१९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. त्या राजवटीत एका मराठी पोराच्या पाढ्यांचे काय झाले, हे त्या चाळीस पानांत होते. माझा अभिप्राय खोटा नव्हता; तो अपुरा होता. “काका, उपदेश राहू द्या, शाळेविषयी आणखी दीडशे पाने लिहा,” एवढे एक पत्र मी लिहावयास हवे होते. त्या वयात त्यांनी ती लिहिली असती की नाही, कोण जाणे. पण मी मागितलीच नाहीत.

तेव्हापासून मी बाड मधूनच उघडतो. परत करावयाचे असले, तरी कोणते पान आवडले ते लेखकाला कळवतो आणि तेथून पुढे लिहा म्हणून सांगतो. श्रोतेहो, आपल्याही घरी एखाद्या वडीलधाऱ्यांची वही ट्रंकेत असेल. घर बदलण्यापूर्वी ती एकदा मधूनच उघडून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.