जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

जुन्या वाड्याची डागडुजी करावी, कीं तो उतरवून नवा बांधावा, हा प्रश्न घरोघर परिचित आहे. लिनक्सवर चालणारा संगणक वर्षानुवर्षें अद्ययावत् केला नाहीं, म्हणजे त्याच्या मालकापुढेंही हाच प्रश्न उभा राहतो.

डेबियन या लिनक्स प्रणालीचें उदाहरण घ्यावें. तिची नववी आवृत्ति २०१७ सालीं निघाली. त्या आवृत्तीच्या सुरक्षेसाठीं मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या जून २०२२ मध्यें थांबल्या. तेरावी आवृत्ति २०२५ सालीं आली. नववीवरून एकदम तेरावीवर उडी घेणें कर्त्यांस मान्य नाहीं. दहावी, अकरावी, बारावी अशा क्रमानेंच चढावें लागतें. नववीचीं पॅकेजें आतां जुन्या संग्रहांत हलविलेलीं असल्यामुळें आरंभींच पत्ते बदलावे लागतात. बाहेरून आणलेलें एखादें पॅकेज तर प्रत्येक पायरीवर अडथळा करूं शकतें.

म्हणून प्रणाली एकच आवृत्ति मागें असेल, तर अपग्रेड करणें श्रेयस्कर. तीन-चार मागें असेल, तर नव्यानें स्थापना करणेंच बहुधा कमी श्रमाचें ठरतें. मात्र ३२ बिटांच्या जुन्या इंटेल जातीच्या संगणकासाठीं तेराव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर नाहीं, हें आधींच पाहून घ्यावें.

प्रणाली केव्हांही फुकट मिळते. मुलांचीं छायाचित्रें, हिशेब व पत्रें गेलीं तर गेलींच. ज्यांत तीं असतात त्या ‘होम’ विभागाची आणि ‘ईटीसी’मधील मांडणीची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. एवढें झाल्यावरच जुनी डिस्क पुसण्यास हात घालावा.